चौदावा खांब

पहाटे पावणेचारला अजूनही गजर होतो.
तो काढून टाकायचं जिवावर येतं,
म्हणून वाजू देतो थोडा वेळ.
पलीकडच्या खाटेवरचा बेहेरा
कूस बदलतो, पण शिवी देत नाही.
आठ महिने झाले, त्यालाही सवय झालीय
न धावणाऱ्या माणसाच्या गजराची.

जुबैलच्या किनाऱ्यावर, फनातीरच्या बाजूला,
दिव्याचे खांब मी मोजून ठेवलेत.
चौदाव्यापाशी तो आवाज आला होता.
आवाज कसला, ओली काडी मोडावी तसं काहीतरी,
बाहेर कुणाला ऐकू न जाणारं.
इद्रिस चार पावलं पुढे जाऊन वळला.
काही नाही, म्हटलं, तू हो पुढे.
आणि तो, भला माणूस, झाला.

शाळेत घाडी गुरुजी म्हणायचे,
ह्याची अक्कल गुडघ्यात आहे.
गुरुजी, तुमचं खरं झालं.
हल्ली सगळा विचार तिथूनच होतो.
जिना दिसला की आधी त्याला विचारायचं.
नमाजाची रांग वाकते तेव्हा
मी नुसते गुडघे बघत राहतो,
किती सहज मिटतात,
किती सहज उघडतात.

माझं काम प्रेशर गेजचं.
कधी कधी बिघडलेलं काहीच नसतं,
पण दाब सगळा काढून घेतला तरी
काटा शून्यावर येत नाही,
जरा वरच घुटमळतो.
स्क्रू अर्धा आटा फिरवला की भागतं.
क्लिनिकातल्या जिशाला मी तेवढंच विचारलं होतं.
ती हसली, आणि पिवळा रबरी पट्टा दिला हातात.
दुखणं दहापैकी किती?
बसलो तर दोन. जिना उतरताना पाच.
पहाटे पावणेचारचं वेगळं आहे,
ते तिच्या कागदात बसत नाही.

टॉवरला बहात्तर पायऱ्यांची उभी शिडी.
खाली कुणी असलं की मी शीळ घालत चढतो.
इकाम्याच्या मेडिकलला पाच महिने आहेत,
तोवर हा गुडघा माझा एकट्याचा.

आईनं निर्गुडीचा पाला वाळवून पाठवला,
लांज्याच्या एका पोराच्या बॅगेतून.
त्याला विमानतळावर तासभर बसवलं.
पाला हुंगला, कुस्करला, कुत्र्याला हुंगवला.
पोरगं घामाघूम होऊन स्वतःच्या गुडघ्यावर
थापा मारत सांगत राहिलं, हे, हे.
शेवटी एका म्हाताऱ्या कस्टमवाल्यानं
टेबलाखाली आपलाच गुडघा दाबून पाहिला
आणि अर्धा पाला ठेवून घेतला.

काल जिशानं परवानगी दिली.
एक खांब धावायचं, तीन खांब चालायचं.
धावायचं कसलं, लगबग.
लांब रिफायनरीची ज्योत जळत होती,
भरती होती की ओहोटी, पाहिलंच नाही.
गुडघ्यात वाळूचा दाणा फिरावा तसं फिरत होतं,
पण फिरत होतं.
इद्रिस शेजारी, पावलं माझ्या मापाची करून.
त्याच्या लांब पायांना ते किती जड गेलं असेल.

तेराव्यापाशी मी थांबलो.
दुखत नव्हतं म्हणून थांबलो,
हे मोडक्या अरबीत कसं सांगायचं?
त्यानं विचारलंही नाही.
एकटाच चौदाव्यापर्यंत गेला,
ओढाळ गुराच्या पाठीवर मारावी तशी
खांबाला एक थाप मारली,
आणि हात झटकत परत आला.

खोलीवर आलो तर बेहेरा
एका पायावर नाचत पँट चढवत होता.
आज गजर लगेच बंद केलास का रे, म्हणाला,
मला जागच आली नाही.